पांढरा झगा आणि मातीचं भांडं

प्रिय सूचिन,

पत्र बघून घाबरू नकोस, इथं कुणी मेलेलं नाही. फोनवर बोलले असते, पण तुझ्या फोनचा मला भरवसा नाही. माझे निरोप तू कानाला न लावता सगळ्या घराला ऐकवतेस. मागे थांगबाईच्या नव्या टोपाबद्दल मी जे बोलले ते तुझ्या सुनेनं ऐकलं, सुनेच्या आईनं ऐकलं, आणि फिरत फिरत थांगबाईच्याच कानावर आलं. नाटकमंडळीची मालकीण ती, पुढे कितीतरी दिवस माझ्या वाट्याला माशाचं नुसतं डोकं येत होतं. आज जे लिहायचंय ते तुझ्या विहिणबाईंसाठी नाही. दार लावून घे आणि मग वाच. नातू रडला तर रडू दे थोडा, आवाज मोकळा होईल.

आधी मंडळीची खबर. तुझ्या जागी यंदा जी पोरगी घेतलीय ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. विरहाच्या प्रवेशात माझ्या खांद्यावर डोकं टेकायचं म्हणजे तिला गुडघे वाकवावे लागतात, आणि मागून ती प्रेमात पडल्यासारखी दिसत नाही, विधीला बसल्यासारखी दिसते. परवा तर कहर झाला. नाटकातला नवरा म्हणून मी राजधानीला परीक्षेला निघालेय, डोळ्यांत पाणी, सनई रडतेय, आणि ही बया 'नाथ, थांबा' म्हणायच्या ऐवजी म्हणते, 'मावशी, थांबा ना!' पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्या खोखो हसल्या. तीस वर्षं मी तुझा नवरा होते गं. गेनफूशी एकदाच लग्न लागलं, तुझ्याशी तर हंगामाला पन्नासदा. तू कधी मला मावशी केलं नाहीस.

तर आता मुद्द्याचं. माझी पाळी जायला निघाली होती, तुला ठाऊकच आहे. दोन-तीन महिने फिरकलीच नाही, मी म्हटलं सुटले, आता मिठाई वाटते. आणि मग आली ती जायचं नावच घेईना. जाता जाता घर धुऊन न्यायचा बेत होता तिचा. कापडाच्या एकावर एक घड्या लावून मी रंगमंचावर जायची आणि दोन पदं झाली की पडद्यामागे पळायची. पुरुषांच्या भूमिका करणाऱ्या बाईला हे शोभतं का सांग! विद्वान तरुण, पांढराशुभ्र झगा, हातात पंखा, आणि डोक्यात एकच विचार, की मागे डाग तर नाही ना पडला.

पडला. चहाच्या मळ्याकडच्या त्या देवीच्या जत्रेत पडला. मी परीक्षेत पहिला येऊन सासऱ्याच्या घरी परतलोय, खुर्चीवर बसून लांबलचक पद गायलोय, आणि उठताना माझ्या लक्षात आलं की झग्याचं काही खरं नाही. समोर अख्खं गाव, उजवीकडे जायची वाट, आणि वळले तर सगळं गाव बघणार. मग काय, सासऱ्याला वाकून नमस्कार केला आणि तशीच वाकत वाकत, सासऱ्याकडे आणि लोकांकडे तोंड ठेवून, उलट पावली निघाले. आपल्या बायकांच्या मंडळीत पुरुष म्हणून एकटा तो ढोलवाला पानकाका, त्याला काही कळेना. त्यानं आपला प्रत्येक पावलाला ठोका दिला. मी मागे एक पाऊल, ढम. आणखी एक, ढम. लोकांना वाटलं, आहाहा, काय हा जुन्या वळणाचा जावई, सासऱ्याला पाठ दाखवत नाही! टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या गावच्या पंचांनी थांगबाईला बजावून सांगितलं, 'ते उलटं चालणं हवंच, त्याशिवाय सुपारी नाही.'

थांगबाई लोकांसमोर हसली, पण आत आल्यावर झगा बघून तिचं तोंड उतरलं. म्हणाली, 'रुईयिंग, हे थांबलं नाही तर पुढच्या हंगामापासून तू काळा झगा घाल, बापाच्या भूमिका कर. बसून खोकायचं असतं, दुसरं काम नाही.' सूचिन, मी तेव्हा हसले नाही. बारा वर्षांची असल्यापासून मी तरुण पुरुष आहे. मला एका दुपारीत म्हातारा करायला निघाली ती. आणि खरं सांगू, त्याहून मोठी भीती वेगळी होती. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि माझी आई याच दुखण्यानं गेली ते तुला माहीत आहे.

गेले मग लोऊ वैद्यबाईंकडे. अजून तशाच आहेत, ऐंशीच्या घरात, भिवया नाहीत पण दरारा आहे. दोन्ही हातांची नाडी धरून इतका वेळ डोळे मिटून बसल्या की मला वाटलं झोप लागली. मग जीभ काढायला लावली. म्हणाल्या, 'आधी बांध फुटला, आता नळ गळतोय. किती महिने?' मी सांगितलं. 'आणि आज आलीस? झग्याला डाग पडला म्हणून? अंगात रक्त उरलं नाही याचं काही नाही!' असं सगळ्या रांगेसमोर. त्या रांगेत आपल्याला फुलं पाठवणारे ते दोन बाप्ये बसले होते, सर्दीचं औषध न्यायला. त्यांचं प्रेम त्या दिवशी संपलं.

औषध मात्र त्यांनी लगेच दिलं नाही. 'मी नाडी बघते, पोटात डोळे घालून बघत नाही. आधी तालुक्याच्या इस्पितळात जा. आत काही वाईट नाही असं त्यांनी सांगितलं तरच माझ्या पायरीवर पाय ठेव.' गेले बाई. तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईनं यंत्रानं बघितलं, आतला एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत गेनफूनं मला एकदाही उलट उत्तर दिलं नाही, त्यावरून ओळख तो किती घाबरला होता ते. काही वाईट निघालं नाही. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. गेनफूनं इस्पितळाच्या पायऱ्यांवरच बसून रडून घेतलं, आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य काय, तर 'जेवायला काय आहे?'

मग लोऊबाईंनी पुडे बांधून दिले. करपवलेला दवणा, समुद्रफेस, कसल्या कसल्या मुळ्या, आणि वर गाढवाच्या कातड्याचा सरस, गरम काढ्यात विरघळवून घ्यायचा. गेनफू म्हणाला, 'म्हणजे आता लाथाही मारणार का?' मारली एक. मुळा बंद, गार पाणी बंद, आणि राग बंद. मी म्हटलं, बाई, बाकी सगळं जमेल.

आता काढा उकळायला भांडं हवं. नवं आणायला निघाले तर लोऊबाई ओरडल्या, मुरलेलंच आण म्हणून. आपल्या मंडळीचं ते काळं पडलेलं, कानतुटकं भांडं आठवतंय ना? ते कुणी परत आणून देत नाही हे आपण लहानपणापासून पाळलंय. परत नेऊन दिलं की आजारच दारात नेऊन ठेवला. ज्याला लागेल त्यानं आपल्या पायांनी जायचं आणि मागच्या आजाऱ्याकडून उचलून आणायचं. तेव्हा निघाले माग काढत. थांगबाईकडे खोकल्याला होतं, तिच्याकडून पानकाकानं नेलं होतं, गुडघ्यांना म्हणून. त्याची बायको आतून म्हणाली, 'गुडघ्यांना नाही, बसायला येत नव्हतं त्याला.' तो बिचारा लालबुंद झाला. मग घसा खाकरून म्हणाला, 'माझ्याकडून सूचिननं नेलं की. जायच्या आधी. खोकला झालाय म्हणाली.'

तुझ्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. उघडली. भांडं खाटेखाली होतं, आपल्या लग्नाच्या प्रवेशातल्या लाल शेल्यात गुंडाळलेलं. तळाला चोथा वाळून दगड झाला होता. मी ते तसंच लोऊबाईंकडे नेलं, म्हटलं आधी घासून देऊ का? त्यांनी नाक आत घातलं, नखानं तळ खरवडला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'हे खोकल्याचं नाही. हे तुझंच औषध आहे. मी दिलेलं नाही, परगावाहून आणलेलं दिसतंय. आणि ज्या बाईनं हे घेतलं तिनं ते अर्ध्यावर सोडलंय. पुडा दोनदा उकळायचा असतो, हा दुसऱ्यांदा उकळलेलाच नाही.'

मी तिथंच बाकावर बसले. मग एकेक आठवत गेलं. त्या शेवटच्या हंगामात तू पांढरा पोशाख नको म्हणून हटून बसली होतीस, विधवेच्या प्रवेशातसुद्धा तुला गडद रंग हवा होता. गुडघ्यांवर बसायचं पद तू उभ्यानं म्हटलंस आणि मी पडद्यामागे तुझ्यावर खेकसले. मग एका सकाळी 'नातू सांभाळायचाय' म्हणून तू गाडीत बसलीस. तेव्हा नातू झालासुद्धा नव्हता गं, सून चौथ्या महिन्यात होती! एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही.

मी आता बरी आहे. लगेच नाही झाले, आधी नळ बारीक झाला, मग थेंब थेंब, मग एक दिवस नुसताच पांढरा झगा. लोऊबाई अजून आठवड्याला बोलावतात आणि शिव्या देतात. पुढच्या हंगामाला मी तरुणच आहे, थांगबाईनं कबूल केलंय. पण हे पत्र त्या आनंदात लिहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात तुझा मुलगा फोनवर म्हणाला, 'आई हल्ली खाली फारशी उतरत नाही. उतरली तर चढताना जिन्यात बसून राहते. खुर्चीवर टॉवेल घातल्याशिवाय बसत नाही. वय झालं तिचं.' वय कसलं झालंय, माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान आहेस तू! तोंडाला पावडर न लावता पांढरी दिसतेस, हे मी त्या फोनच्या चित्रातसुद्धा बघितलं. दोन वर्षं, सूचिन. एकटीनं. पानकाकाला खोकला सांगितलास, मला नातू. भांडं मी घासून स्वच्छ करून माझ्या चुलीशी ठेवलंय. कुरिअरनं पाठवता आलं असतं, गेनफू खोकं घेऊन तयारच होता, पण ते कुणाच्या दारी पाठवायचं नसतं हे मी तुला सांगायला नको, ते तुलाच इथं येऊन न्यावं लागेल. तेव्हा आधी तिथल्या इस्पितळात जा, उद्याच, आणि त्या यंत्राखाली झोप. काय निघेल ते निघू दे, चांगलं किंवा वाईट, तिथं तुझ्याशेजारी कुणीतरी असायला हवं, म्हणून हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी मीही पोचतेय, तिकीट काढलंय. सुनेला सांग, सासूचा नवरा येतोय, एक गादी जास्तीची घाल.

तुझाच,
रुईयिंग