कपावरचा हात

अण्णा,

आज टीव्हीवर तुमचा हात दिसला. घाबरू नका, मला वेड लागलेलं नाही. तुमच्या नातीला कॉलेजात एक विषय दिलाय. अमेरिकेत अध्यक्षपदाला उभं राहायच्याही आधी पक्षातल्या पक्षात निवडणूक होते, त्यात एक चांगला माणूस मागे का पडतोय ते शोधून लिहा म्हणे. त्यामुळे इथे परदेशात, आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये गेले काही दिवस तो गृहस्थ सकाळ-संध्याकाळ बोलतोय. हुशार, स्वच्छ, मुद्द्याला धरून. भाषणांना टाळ्या पडतात, आणि मतांच्या वेळी विचारत कुणी नाही. "ऑन पेपर ही इज द बेस्ट, आई. देन व्हाय नोबडी वॉन्ट हिम?" लेक विचारत होती आणि मी भेंडी चिरत होते. वर पाहिलं तर तो कुठल्याशा गावातल्या खाणावळीत बसलेला, शेजारी एक वयस्कर बाई किटली घेऊन उभी, आणि त्यानं हसून, अगदी सभ्यपणे, कपावर आडवा हात ठेवला. बोटं जुळवलेली, मान जराशी कलती.  लेकीनं दोनदा हाक मारली तरी मला ऐकू आली नाही.

तुम्ही नगराध्यक्षपदाचं तिकीट मागितलंत तेव्हा मी सुट्टीवर घरी आले होते. पक्षानं जाहीर केलं होतं की सभासद हात वर करून ठरवतील तोच उमेदवार, आणि सगळं गाव म्हणत होतं की वकीलसाहेबांशिवाय आहे कोण. खरंच होतं ते. गावाबाहेरच्या वस्तीवर बुलडोझर येणार होता तेव्हा फी न घेता तुम्ही कोर्टात उभे राहिलात, ती घरं तुमच्यामुळे उभी राहिली. समोर होता तो कापडदुकानवाला. त्याला धड एक वाक्य पुरं करता यायचं नाही. तो ज्या घरी जाईल तिथं बशीत ओतून अर्धा चहा प्यायचा, उरलेला शेजारच्याला द्यायचा आणि पुढच्या घरी निघायचा. आपण हसायचो त्याला.

आणि तुम्ही! घरात किटलीभर चहा रिचवणारा माणूस, आई कंटाळायची दूध तापवून तापवून. पण सभासदांकडे जायला निघालात की कडक साधू. साखर कारखान्याच्या चेअरमनांच्या बंगल्यात तुम्ही कपावर हात ठेवलात, पोस्टमास्तरांकडे ठेवलात, सगळीकडे ठेवलात. एकदा रस्त्यात मी म्हटलं, "अण्णा, घोटभर घेतला तर काय बिघडतं?" तर केवढ्यानं ओरडलात माझ्यावर. "मत मागायला गेलेल्या माणसानं कुणाचं काही घेऊ नये. उद्या खुर्चीत बसलो की सगळी घाण याच कपापासून सुरू होते. कळलं?" मला कळलं. मला तर अभिमान वाटला तुमचा, अजूनही वाटतो, नाही असं नाही.

मग आपण वस्तीत जातो. कोपऱ्यावरच्या त्या मावशींचं घर. तुम्ही केस लढलात तेव्हा साक्षीला पहिल्या उभ्या राहिल्या होत्या त्या. आपण बसतो, त्या आत जातात, शेजारणीकडून काहीतरी आणल्याची कुजबुज ऐकू येते, आल्याचा वास येतो. पाहुण्यांसाठी ठेवलेले फुलाफुलांचे कप बाहेर येतात. तुमचा हात कपावर जातो. "नको मावशी, तुमचा आशीर्वाद पुरे." मी माझा कप उचलायला जाते तर तोच हात माझ्या कपावर येतो. मावशी कप उचलून आत नेतात. आपण नमस्कार करून पुढच्या दारात.

मंगल कार्यालयातली ती हात वर करायची बैठक मला आता आठवतही नाही नीट, फक्त तुमचं नाव पुकारल्यावर तुम्ही वस्तीतली माणसं बसली होती तिकडे मान वळवलीत ते आठवतं. ती सगळी आलेली होती. खाली बघत बसलेली होती. तिकीट कापडदुकानवाल्याला गेलं.

त्यानंतर तुम्ही हरल्याचं दुःख फार केलं नाहीत. पण "काय चुकलं माझं?" हे एक वाक्य तुम्ही घरात आणून ठेवलंत, ते कायमचंच. दाढी करता करता विचारायचात, अशिलांना विचारायचात. कुणी म्हणे त्यानं पैसे वाटले, कुणी म्हणे तुमचं भाषण अवघड असतं. तुम्ही एकेक कारण ऐकायचात, वकिली डोक्यानं तपासायचात आणि मान हलवायचात. "वस्तीची मतं का गेली, याचं उत्तर यात नाही." दवाखान्यात नाकात नळी होती तेव्हाही माझं मनगट धरून तुम्ही तेच विचारलंत. मी म्हटलं, अण्णा, आता सोडा ना ते. तुम्ही नाही सोडलंत. तसेच गेलात.

उत्तर तेराव्याच्या दिवशी आलं हो. मावशी आल्या होत्या. अंगणातच उभ्या राहिल्या, पदर डोळ्याला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, माझं घर त्यांनी वाचवलं. पाय धुऊन पाणी पिले असते त्यांचे. पण कपावर हात ठेवला त्यांनी. तुझ्याही. आमच्यात चहा नाही घेतला म्हणजे काय, ते काय आम्हाला शिकवायला पाहिजे?" मी कळवळून सांगितलं की ते कुणाकडेच घेत नव्हते, चेअरमनांकडेही नाही. त्या मग म्हणाल्या, "चेअरमनच्या बापजाद्यांनी कधी दाराबाहेर बसून चहा प्यालाय?"

मी विचारलं, मग तेव्हाच सांगायचं होतं ना, त्यांनी लगेच घेतला असता. "घेतला असता," त्या म्हणाल्या. "म्हणूनच नाही सांगितलं. सांगून घेतला असता तर तो मतासाठी घेतला असता."  आतून गुरुजींचे मंत्र ऐकू येत होते.

म्हणजे बघा, तुमच्या तत्त्वात खोट नव्हती, मनात तर त्याहून नव्हती. आणि तरी त्या दारात तुम्ही जे केलंत ते बुलडोझर आणणाऱ्यांनी केलं असतं तर कमी लागलं असतं. मला राग येतो तुमचा. एवढे कायदे पाठ, आणि समोरच्या बाईचा चेहरा बघता आला नाही? मग आठवतं की मीही तिथंच बसले होते आणि मलाही दिसला नव्हता, आणि राग जिरतो.

तेव्हापासून मी कुणाच्याही चहाला नाही म्हटलेलं नाही. दिवाळीत जुरोंग ईस्टला ऑफिसातल्या मराठी मंडळींकडे जाते, प्रत्येक घरी भरला कप संपवते. समोरच्या फ्लॅटमधली चिनी आंटी कसला कडू काढा आणून देते, तोही उभ्या उभ्या पिते, ती खूश होते. डॉक्टर ॲसिडिटीसाठी ओरडतात. लोक म्हणतात, किती माणसाळू बाई आहे, हिच्यात जराही अंतर नाही. कप पुढे आला की मला तुमचा हात येताना दिसतो, आणि तो पोचायच्या आत मी घोट घेतलेला असतो.

हे सगळं आज लेकीला सांगितलं. टीव्ही बंद करून ऐकलं तिनं. इथल्या मुलांच्या लकबीत म्हणाली, "सो आजोबा नेव्हर न्यू? देन यू टेल हिम, लाह." इतकं सोपं. म्हणून लिहायला बसले. ठरवलं होतं, तुमच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचायचं. पण आता वाटतं, नको. ऐकलंत तर तुम्ही तसेच चपला शोधायला लागाल, त्या कोपऱ्यावरच्या घरी जायला. आणि मावशीही आता नाहीत.

लेक आत गॅसपाशी आहे. "आई, चहा टाकू तुला?" तिनं मुद्दाम मराठीत विचारलं, आणि मी लगेच हो म्हटलं. अण्णा, कुणालाच माहीत नाही, तुम्हाला सांगते. मला चहा आवडत नाही. कधीच आवडला नव्हता.