कायम करण्याआधी

३ ऑगस्ट

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर चिमी मध्ये मध्ये करते, म्हणून हे पत्र. हॉटेलात माझा पाचवा महिना संपला. आमच्या मजल्यावर खोल्या आवरायला आठजणी एकदम लागलो होतो, उरलो दोघी. मी आणि ठेंगणी. ड्यूटीचा कागद आदल्या संध्याकाळी लागतो, सुट्टी मागितली की तोंडं वाकडी, आणि वर साहेबच विचारतात, पोरी टिकत का नाहीत!

आता एचआरला नव्या बाई आल्यात. सहा महिने झाले की टिकणारीलाच कायम करणार म्हणतात. कायम झाले तर मागच्या इमारतीत दोन खोल्या मिळतील आणि चिमीला इकडे आणता येईल गं! पण बाई नको तितक्या गोड बोलतात. काल ठेंगणी त्यांच्या केबिनमधून हसत बाहेर आली. मला यात काहीतरी काळंबेरं वाटतंय.

माझ्या लेकीला पापा. तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

१४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशय खरा निघणार बघ. काल तुझ्या त्या बाईंचा इथे फोन! घरी कोण कोण, मुलगी कुणाकडे, तुझा पुढचा विचार काय, चौकशीवर चौकशी. गरजू आहे असं कळलं की हे लोक पगार दाबतात. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. थांगपत्ता लागू दिला नाही.

चिमीचा पुढचा दात पडला. परवा चुकून मला आई म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

ठेंगणीपासून चार हात लांब राहा. जेवणखाण वेळेवर कर, बाकी मी आहे.

तुझी,
ताई

५ सप्टेंबर

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

मला कायम केलं नाही. ठेंगणीला केलं. बाई म्हणाल्या, तुम्ही दुसऱ्या हॉटेलात जाणार असं कळलंय, जाणाऱ्या माणसाला खोल्या कशा देऊ? कुणी सांगितलं ते मात्र सांगेनात.

दुसरं कोण असणार? मजल्यावर सगळ्यांसमोर मी ठेंगणीला नाही नाही ते बोलले. तिने चादरींची गाडी तिथेच सोडली आणि चौथ्या दिवशी राजीनामा दिला, मिळालेल्या खोल्यांसकट. जाताना एवढंच म्हणाली की केबिनमध्ये बाईंकडे तिने माझी तारीफच केली होती. ताई, ती खोटं बोलत होती ना? आता नव्या पोरी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. मी चिमीला काय सांगू?

पत्र लवकर लिही. मला फक्त तुझाच आधार आहे.

तुझी,
धाकटी

११ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ती खोटं बोलत नव्हती. ते मी सांगितलं.

बाईंना म्हटलं, आमच्या धाकटीच्या मागे तीन हॉटेलं लागलीत, तुमच्याकडे ती किती दिवस राहील कोण जाणे. तुझा भाव वाढेल म्हणून बोलले, असं महिनाभर स्वतःला समजावत होते. ते खरं नाही. चिमी जाईल म्हणून बोलले. रोज सकाळी तिची वेणी घालताना वाटायचं, ही गेली की या घरात मी काय करू? तुझ्या पोटचा गोळा, आणि मी या सहा महिन्यांत आपला समजून बसले.

काल बाईंना फोन करून सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, आता सहा महिने काही करता येणार नाही. ठेंगणीचा पत्ता कळव, तिच्या पाया पडायला मी स्वतः जाईन. चिमीला अजून काही सांगितलं नाही. ते तू सांग, तुझ्या शब्दांत, आणि माझ्याबद्दल तिला जे सांगायचं ते खुशाल सांग.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. तरी ठेव.

तुझी,
ताई