आकाशगंगेतली कोअरची वाळू

६ जानेवारी २०२५, सकाळी ६.१०
शिरोलीच्या फाउंड्रीतून रिटायर होऊन आज बरोबर तीन महिने. इतरांसारखं रंकाळ्यावर चकरा मारत बसायचं नाही, असं ठरवलं आहे. भौतिकशास्त्रातला डार्क मॅटरचा प्रश्न सोडवणार. विश्वातल्या एकूण पदार्थापैकी पंच्याऐंशी टक्के दिसतच नाही, फक्त त्याचं वजन जाणवतं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पंच्याऐंशी टक्के! आमच्याकडे पाच टक्के रिजेक्शन गेलं तरी मिटिंग लागायची. यांना बक्षिसं मिळतात.
मुदत: फेब्रुवारीअखेर.

९ जानेवारी
प्रश्न सुटला. आंघोळ करताना.
पोकळ कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, तयार करताना आत पोकळीच्या आकाराचा वाळूचा कोअर ठेवतात. ओतून झालं की वाळू झाडून काढायची. कास्टिंगचं वजन जास्त भरलं की समजायचं, आत कोअरची वाळू राहिली. बाहेरून दिसत नाही, काट्यावर कळते. आकाशगंगांचं तेच झालं आहे. ओतल्या, पण नीट झाडल्या नाहीत.
चौतीस वर्षं क्वालिटीत घालवली, ती वाया गेली नाहीत. बायकोला, शांताला, लगेच सांगितलं. ती म्हणाली, टॉवेल गुंडाळून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

१२ जानेवारी
शांभवीला फोन. आमची एकुलती एक मुलगी, पुण्यात पीएचडी करते. विषय डार्क मॅटरच. अमेरिकेत जमिनीखाली मैलभर खोल दहा टन पातळ झेनॉन भरून ठेवला आहे. डार्क मॅटरचा कण येऊन त्यावर आपटेल म्हणून शेकडो लोक वाट बघत बसलेत. तसल्याच मोजमापांचा हिशोब ही सहा वर्षं लावते आहे. सापडलं काय? काही नाही. त्याचाच प्रबंध.
आमच्या कंपनीत सहा वर्षं काही सापडलं नाही म्हणून रिपोर्ट दिला असता तर मेमो मिळाला असता. हे मी तिला प्रेमाने सांगितलं.
वाळूचा सिद्धांत तिने दोनदा सांगायला लावला. भारावली असावी. मग म्हणाली, "अप्पा, वाळू तापली की चमकते, दिसते. भट्टीजवळ उभं करून तुम्हीच मला दाखवलं होतं." शिवाय म्हणे आकाशगंगांचे दोन समूह एकमेकांवर आदळले, गॅस मध्येच अडकला आणि न दिसणारं वजन आरपार निघून गेलं. वाळू अशी आरपार जाईल का?
बारीकसारीक मुद्दे आहेत. नोंद घेतली. पोरगी तपशिलात अडकली आहे.

१८ जानेवारी
सिद्धांत इंग्रजीत उतरवला. अकरा पानं, चार आकृत्या. जगातल्या एक्केचाळीस शास्त्रज्ञांना ईमेल केला. एका मिनिटात जर्मनीहून उत्तर! ते रजेवर आहेत, तीन तारखेनंतर संपर्क साधतील. सुट्टीवर असूनही माणूस साठ सेकंदांत उत्तर देतो. याला म्हणतात आस्था.
बाकी चाळीस विचार करत असावेत.

४ फेब्रुवारी
जर्मनीहून संपर्क नाही. तिकडे तीन तारीख उशिरा उजाडत असेल.

७ फेब्रुवारी
जगाच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. सुरुवात कोल्हापुरातून करायची. वाचनालयाचा हॉल मिळाला. शुक्रवार २१ तारीख, संध्याकाळी पाच. 'विश्व का जड भरते?' असं फलकावर माझ्या हाताने लिहिलं.

१० फेब्रुवारी
शांभवीचा फोन. तिचा पीएचडीचा व्हायवा २१ लाच, पुण्यात, सकाळी अकराला. सगळ्यांना खुला आहे, तुम्ही दोघं याच म्हणाली.
शांता म्हणाली, व्याख्यान पुढं ढकला. मी म्हणालो, विश्व तेरा अब्ज वर्षं उत्तराची वाट बघतंय.
शांता म्हणाली, "तेवढं थांबलंय तर अजून आठ दिवस थांबंल की."
तिला प्रश्नाचं गांभीर्य समजत नाही. मी शांभवीला मेसेज केला, की वैज्ञानिकाच्या मुलीने हे समजून घ्यावं. तिने अंगठा पाठवला. म्हणजे समजलं.

२० फेब्रुवारी
शांता एसटीने पुण्याला गेली. फ्रीजमध्ये तीन दिवसांची आमटी. मी पाठांतरात.

२१ फेब्रुवारी, रात्री ८.००
व्याख्यान प्रचंड यशस्वी. हॉलमध्ये एकोणीस माणसं. पैकी चौदा हास्यक्लबची होती, त्यांची बैठक चारला तिथेच असते. ती उठलीच नाहीत. यावरून कुतूहल दिसतं. पहिल्याच वाक्याला, म्हणजे "विश्वाचं वजन मी आंघोळ करताना शोधलं," यावर हशा. दुसऱ्यालाही. मी विनोद केला नव्हता. सवयीने हसत असावेत.
शेवटी प्रश्नोत्तरं. फेटलिंग शॉपचा आमचा जुना मुकादम पिराजी उठला. कास्टिंग साफ करण्यात त्याचा जन्म गेलेला. मुद्दाम पुढच्या रांगेत बसवला होता, म्हटलं एक तरी जाणकार हवा.
म्हणाला, "साहेब, वाळू आत ऱ्हायली की कास्टिंग हलवल्यावर खुळखुळतंय. आभाळ खुळखुळतंय व्हय?"
हास्यक्लबने या वेळी मनापासून हसून घेतलं.
मी म्हणालो, या मुद्द्यावर काम चालू आहे. पिराजी म्हणाला, "आन् हलवून बघितल्याबिगर पास कसं केलासा? आमाला तर एका पीससाठी शिव्या घालत हुता की तुमी."
मग आभार. चहा गार झाला होता.

२१ फेब्रुवारी, रात्री ९.३०
शांताचा मेसेज दुपारी दीडलाच आलेला. 'झाली डॉक्टर.' सोबत फोटो. शांभवीने माझ्या आईची निळी इरकल नेसली आहे. व्याख्यानाच्या गडबडीत फोन बंद होता.
अभिनंदन लिहून पाठवलं. आधी 'अखेर' असा शब्द होता, तो काढला.

२३ फेब्रुवारी
व्हायवाचं रेकॉर्डिंग पाहिलं. फक्त चुका काढण्यासाठी. दोनदा पाहिलं.
शांभवी म्हणाली, आम्हाला कण सापडला नाही, पण तो कुठे कुठे नाही हे आता नक्की सांगता येतं, आणि पुढच्या माणसाला तिथं शोधावं लागणार नाही. परीक्षकांनी मान हलवली. एकाने तिला चार वेळा अडवलं. दोनदा ती "मला माहीत नाही" म्हणाली. एवढ्या लोकांसमोर! आणि कोणी हसलं नाही.
मग श्रोत्यांना विचारायला सांगितलं. मागून शांताचा आवाज. चक्क उभी राहिली! म्हणाली, "बाई, काय सापडलं न्हाय हे खरं सांगायला तुला भ्या वाटलं न्हाय का?"
सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. शांभवीचे डोळे भरले. ती म्हणाली, वाटलं, रोज वाटायचं.
मला हे तिने कधी सांगितलं नाही. विचारलं नव्हतं, हेही खरं.
मेमोचं मी बोललो, ते १२ जानेवारीला. त्यानंतर तिने फोन केला तो थेट १० फेब्रुवारीला.

२८ फेब्रुवारी
उद्या पुण्याला जातो. शांताला सांगितलं, की सिद्धांतात दुरुस्त्या आहेत, शांभवीशी समोरासमोर वैज्ञानिक चर्चा आवश्यक आहे. तिने धपाटे बांधून दिले. चर्चेला धपाटे कशाला?

१ मार्च
शांभवीच्या संस्थेच्या गेटवर पोचलो बाराला. सिक्युरिटीवाल्याने रजिस्टर पुढे केलं. नाव, कोणाला भेटायचं, काम. मी लिहिलं, 'वैज्ञानिक चर्चा.'
तो म्हणाला, चर्चेसाठी आतून पत्र लागतं काका. पत्र आहे का? मी म्हणालो, एक्केचाळीस ठिकाणी पाठवलं आहे. तो म्हणाला, आलेलं आहे का?
बाकावर पाऊण तास बसलो. शांभवीला फोन करायचं धाडस होईना. काय सांगणार होतो? धपाट्यांचा वास गेटभर सुटला होता. तो माणूस एकदा पिशवीकडे, एकदा माझ्याकडे बघायचा. शेवटी त्यानेच विचारलं, कोण लागतात मॅडम तुमच्या?
रजिस्टर परत मागितलं. 'वैज्ञानिक चर्चा' खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'वडील. भेटायला.'
तो म्हणाला, मग हे आधी लिहायचं ना. आणि गेट उघडलं.