एका माणसाची राजदूत

रांझी, जबलपूर
१२ जानेवारी १९८६

ती. दादास,
विभाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण टेबलावर जागा नाही. तिथे मामंजींच्या जुन्या राजदूत मोटरसायकलचं इंजीन उघडं पडलं आहे. पुढच्या महिन्यात भेडाघाटकडे वाळूत मोटरसायकलींची शर्यत आहे आणि आमचे हे त्यात उतरून राहिले आहेत. चाळिशी आली, पोट सुटलं, पण जिवाला चैन नाही. सिलेंडरमधलं धूर जायचं भोक कानशीने मोठं केलं, हेड घासून आणलं. पोहे खाताना दाताखाली लोखंडाचा कीस येतो. विचारलं तर म्हणतात, पावर वाढून राहिली.

वाढू दे. पण मला सकाळी राइट टाउनच्या शाळेत कोण सोडणार? बस कधी येते, कधी येत नाही. मी अजून हंगामी शिक्षिका. फेब्रुवारीत साहेब तपासणीला येतील, तेव्हा कायम करायचं की घरी बसवायचं ते ठरेल. यांची फॅक्टरी तर पायी जाण्यासारखी. तू गॅरेजवाला, तूच यांना दोन शब्द सांग.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
विभा

नागपूर
२० जानेवारी

चि. सौ. विभास,
अ. आ.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं, ती अजून हसून राहिली आहे. श्रीरंगरावांवर काहून चिडतेस? भोक मोठं करायचं मीच सुचवलं होतं. नवरा पत्ते कुटत नाही, पीत नाही, कानस घेऊन घरात बसतो. नशीबवान आहेस. वजन कमी करायला मागची सीट काढा, असंही मी त्यांना कळवलं आहे. तू काय, थोडे दिवस बसची वाट पाहशील. शर्यत जिंकली तर मोहल्ल्यात तुझाच मान वाढेल.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझा,
शेखरदादा

रांझी
२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

तुझ्या सल्ल्याबद्दल तुला ओवाळायलाच हवं. सीट काढण्याआधी एकदा बसले. सपाटीवर ठीक होतं, चढ लागला आणि गाडी गपगार. मी उतरून पायी, हे एकटे भुर्रकन वर, आणि वरून मला हात हलवून बोलावून राहिले. म्हणाले, जोर सगळा वरच्या वेगात गेला, आता दोघांना ओढत नाही, पण एकट्याला उडवते. असं सांगताना चेहरा पाहायला हवा होतास. मग सीटही काढली.

शाळेत दोनदा उशीर झाला. हेडबाई म्हणाल्या, आणखी एकदा झाला तर साहेबांपुढे त्या माझी बाजू घेणार नाहीत. तपासणी पंधरा तारखेला, शर्यतही त्याच दिवशी. यांना म्हटलं, त्या दिवशी तरी गाडी माझ्यासाठी काढा. तर म्हणाले, एका दिवसाने काय बिघडते. मला रडू आलं, दादा, आणि त्याहून जास्त राग आला. तुम्ही दोघे शहाणे. चलो, माझं मी बघते.

आशीर्वाद पाठव, सल्ले नको.
विभा

रांझी
१८ फेब्रुवारी

श्री. शेखरदादांस,
श्रीरंगचा सा. न. वि. वि.

निकाल विचारला आहे, म्हणून कळवतो. मी शर्यतीत उतरलोच नाही. पंधरा तारखेला, शनिवारी, अंघोळ करून बाहेर आलो तर गाडी नाही आणि सौभाग्यवतीही नाही. शेजारच्या पुष्पाताई म्हणाल्या, ओढणी कमरेला बांधून पहिल्याच किकमध्ये गेली. लग्नाआधी ती तुमच्या गॅरेजातल्या गाड्या फिरवायची, हे मला कोणी काहून सांगितलं नाही? मी टेम्पोने भेडाघाट गाठलं आणि हेल्मेट काखेत धरून दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या.

दुपारी ती आली. साहेबांनी वर्ग पाहिला, नोकरी कायम झाली. मी पुष्कळ भांडलो. गाडी माझ्या वडिलांची, घासली मी. ती म्हणाली, घासली खरी, पण एकाच माणसापुरती ठेवलीत, आणि फॅक्टरीला तुम्हाला गाडी लागतच नाही.

आता रोज तीच नेते. मी दारात उभा राहून चढावरचा आवाज ऐकतो. अशी साफ ओढते की माझ्या हाती कधी ओढली नाही. बरं वाटतं आणि जिवाला लागतंही.

फॅक्टरीत सगळे विचारून राहिले की गाडी कुठे. इंजीनचं काम अजून चालू आहे, असं मी सांगितलं आहे. तुम्हाला इथलं कोणी भेटलं तर मेहरबानी करून तेच सांगावं.

लोभ आहेच, यापुढे तो निदान अर्धा माझ्या बाजूने ठेवावा.
आपला,
श्रीरंग