काढलेली स्प्रिंग

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी काडीमोड घेतल्यापासून आपल्या घरात पत्रांचा सुकाळ झालाय, पण हे पत्र कामाचं आहे. सोबतच्या खोक्यात माझा व्हिडिओ गेम खेळायचा कंट्रोलर आहे. त्याच्या पाठीवरच्या एका स्क्रूचे आटे गेलेत. इथला दुकानदार म्हणतो नवाच घ्या. मला हाच हवा, सहा वर्षं हातात आहे. स्क्रू तेवढा बसवून द्या.

स्पर्धा पंधरा तारखेला आहे. माझी पहिलीच. चौसष्ट जण, समोरासमोर दोघांची लढत, हरला तो घरी. माझी बोटं सध्या जागेवर नाहीत. कामावर कवळीचं प्लास्टर वाळेपर्यंत मी डावा अंगठा हवेत फिरवत वार अडवायचा सराव करते. आमचे मुख्य कारागीर म्हणतात, या बाईच्या हातची कवळी एक दिवस गिऱ्हाइकालाच चावणार.

दिलेला शब्द लक्षात आहे. पहिल्या आठांत आले तर तुम्ही याला पुन्हा पोरखेळ म्हणणार नाही. नाही आले तर खेळ कायमचा बंद आणि विषयही बंद. एकतीस वर्षांच्या बाईने बापाशी अशी पैज लावावी याचं ताईला हसू येतं. मला नाही येत. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवल्यावर माझं म्हणावं असं हे एकच काम मला येतं.

रागावून का होईना, माया असू द्या.

तुमची,
भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. स्क्रूचं काम दहा मिनिटांचं होतं, पण झाकण उघडलं आणि तुझी कीव आली. अंगठ्याने फिरवायच्या डाव्या दांडीखालची स्प्रिंग पार मेलेली. दांडी ढकलून सोडली की मधोमध परत यायला आळस करते. असलं यंत्र घेऊन तू लढायला निघाली होतीस. दोष दिसल्यावर झाकण लावून वस्तू परत देणं मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही. तेवढी बारीक स्प्रिंग मिळवण्यात आठवडा गेला, म्हणून उशीर.

आता एक सांगतो, ताईला सांगू नकोस. मी घड्याळदुरुस्तीचं दुकान का बंद केलं हे तू विचारलं नाहीस आणि मीही बोललो नाही. गेल्या वर्षी शिक्षकबाईंचं घड्याळ माझ्या हातून बिघडलं. हात थरथर कापायला लागला होता. त्या दिवसापासून चिमटा धरला नव्हता. काल तुझं काम घेऊन तासभर बसलो आणि हात एकदाही कापला नाही. झाकण लावल्यावर मला रडू आलं, म्हातारपणी काय लाजायचं.

खोकं आज कुरियरने धाडतोय, पत्र नेहमीसारखं टपालाने. काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत करायचा ही आपल्या दुकानाची रीत. खोक्यात ती एवढीशी स्प्रिंग हरवेल, म्हणून या कागदालाच चिकटवली आहे.

खेळाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण हरलीस तर निदान यंत्राकडे बोट दाखवता येणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. मुक्कामपोस्ट बदललं तरी आम्ही तुझेच आहोत, हे ध्यानात असू दे.

तुझे,
बाबा


१६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पहिल्याच फेरीत हरले. समोर बँकेतला एक कारकून होता, चष्मा पुसत पुसत खेळणारा. दोन डाव, चार मिनिटं, आणि मी खुर्चीवरून उठले.

कंट्रोलर चौदाला संध्याकाळी आला. हातात घेतला तर डावी दांडी कडक लागली. मला वाटलं माझाच अंगठा आखडलाय. पहिल्या स्पर्धेत हात लाकूड होतात असं सगळेच सांगतात. मी गरम पाण्यात हात बुडवून बसले, ताई. सकाळी हॉलमध्येही तेच. दांडी ढकलून धरली की वार अडतो, मधोमध परत आली की बचाव सुटतो. सहा वर्षं ती उशिरा परत यायची, म्हणून माझा अंगठा तिला जरा आधीच सोडायला शिकला होता. काल ती वेळेवर परत आली आणि माझा प्रत्येक बचाव वार पडायच्या आधीच सुटला. कारकुनाला काही करावंच लागलं नाही.

आज बाबांचं पत्र आलं, कागदाला जुनी स्प्रिंग चिकटवलेली. त्यांनी नवी बसवली होती. मी एक स्क्रू सांगितला होता. एक. माझी चावीची बाहुली आठवते? लंगडत चालायची म्हणूनच मला आवडायची, आणि त्यांनी ती सरळ करून दिली. समोरच्याला विचारावं हे त्यांना सुचतच नाही.

तू म्हणशील, कळवून टाक. दोनदा लिहिलं आणि दोन्ही पत्रं फाडली. त्यांनी सांगू नको म्हटलंय तरी सांगते: त्यांचा हात कापत होता, म्हणून दुकान बंद झालं. माझ्या कामात तो कापला नाही, म्हणून ते रडले. खरं कळलं तर पुन्हा चिमट्याला शिवणार नाहीत. मी रागाने नुसती धुमसतेय आणि तरी त्यांना खोटं लिहिणार आहे, याचा जास्त राग येतोय.

स्प्रिंग मात्र जपून ठेवली आहे. दातांची बारीक कामं करणाऱ्या हातांना ती परत बसवणं अवघड नाही. शब्द दिलाय खरा, कंट्रोलर कपाटात जाईल, पण कपाटाला कुलूप लावीन असं काही म्हटलं नव्हतं. हे तुझ्यामाझ्यात राहू दे.

भांडणासकट तुझीच,
भिंगरी


१७ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पहिल्या फेरीत हरले. समोरचा माझ्याहून सरस होता. यंत्र अव्वल चाललं, दांडी लोण्यासारखी फिरत होती. माझाच हात कमी पडला. ठरल्याप्रमाणे कंट्रोलर कपाटात ठेवला आहे.

स्प्रिंग मिळाली. प्रकृतीला जपा. बाकी काय लिहू.

तुमची,
भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

यंत्र अव्वल चाललं हे तुझं वाक्य चारदा वाचलं. काल दुकान उघडलं. जाळी झाडली, दिवा बदलला, शिक्षकबाईंना निरोप धाडला की घड्याळ घेऊन या, मी पुन्हा बघतो. शेजारच्या शिंप्याने चहा पाजला आणि म्हणाला की मी दहा वर्षांनी तरुण दिसतो. तो खोटारडा आहे, पण ऐकायला बरं वाटलं.

हरल्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. यंत्रात खोट नव्हती, म्हणजे ती हातात होती. हातात खोट असणं काय असतं ते मी वर्षभर भोगलंय, म्हणून मायेनेच सांगतो, हा नाद आता खरोखर सोड. शब्द पाळलास, बापाला अभिमान वाटला.

एक काम कर. कंट्रोलर कपाटात धूळ खात ठेवण्यापेक्षा मला पाठव. दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवतो. हात गेला म्हणणाऱ्यांना माझं काम दिसू दे. ती जुनी स्प्रिंगही आठवणीने पाठव. शेजारी ठेवीन, म्हणजे लोकांना फरक कळेल.

खोकं नीट बांध. वाट पाहतोय.

तुझे,
बाबा