विहिरीवरची हाळी

बाबांना राजपालचा काँगोहून जय भीम.

अक्षर डाव्या हाताचं हाय. आईला सांगा, उजवा दारात चेंगरला. तुम्हाला खरं लिहितो.

धाकट्या श्रावस्तीच्या स्कूटीच्या बॅटरीत जातंय ते कोबाल्ट आमी इथं सुरुंग लावून काढतो. त्यासाठी चीन-अमेरिका भांडत्यात, मरत्यात मात्र इथली गरीब माणसं. पोटासाठी ती चोरून खाणीत उतरत्यात. सोमवारी ती खाली असतानाच साहेब म्हणला, "भोंगा वाजवू नको, उडव. परत यायची न्हाईत."

म्या बटन दाबलंच न्हाय. आपल्या वाशी तालुक्यात विहिरी खोदताना तुम्ही सुरुंगाच्या बत्तीआधी द्यायचा ती हाळी तोंडातनं निघाली, "बार हाय, पळा!" बोली कुणाला कळली न्हाय, पण सगळी पळाली. एक बाई पडली. पहारेकऱ्यानं तिला तिथंच गोळी घातली, मग बंदुकीच्या दस्त्यानं माझी बोटं फोडली.

तुमचा दमा कसा हाय? पासपोर्ट साहेबाकडं हाय, मिळाला की निघतो. घोर करू नका.

काल पहारेकरी परत बंदुका घेऊन आले. तवा खाणीच्या तळातनं बायामाणसांनी एकच कालवा केला, आपल्या बोलीत, "बार हाय, पळा!"

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
राजपाल