टाळूचा अतिरिक्त कार्यभार

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
उच्चारशास्त्र प्रयोगशाळा.

विषय : 'दुसरी जीभ' हे पद पुनरुक्त ठरवून रद्द केल्याबाबत.
संदर्भ : आपला सोमवारचा आदेश, "टाळू एकच, तर जिभा दोन कशाला?"

महोदय,

१. मी मूळचा भांडारातला काचसामान सहायक. गेली अकरा वर्षे 'दुसरी जीभ' या पदाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आहे. जिभेला कोळशाची पूड लावायची, एक व्यंजन म्हणायचे आणि आ करायचा. टाळूवर उमटलेल्या डागाचा फोटो निघतो. पहिली जीभ आमच्या वरिष्ठ बाईंची. त्या तालव्य व्यंजने म्हणतात, मी तालव्यीकृत. दोन्ही एकच, असे आपले मत झाल्याचे वाचून वाईट वाटले.

२. तालव्य व्यंजनाची नेमणूकच टाळूवर असते. बाईंच्या जिभेचा मध्यभाग थेट टाळूला टेकतो आणि मधोमध डाग पडतो. तालव्यीकृताचे मूळ काम दुसरीकडे, ओठांत किंवा दातांपाशी. ते काम न सोडता, त्याच क्षणी जिभेचा मध्यभाग टाळूकडे उचलायचा. माझे ओठ 'प'साठी मिटलेले असतात तेव्हाच जीभ वर गेलेली असते, मागाहून नव्हे. टाळू मधोमध कोरी राहते, डाग फक्त कडांना पडतो. म्हणून मी काम केलेच नाही, असे होत नाही.

३. आदेशाची शाई वाळायच्या आत आपल्या कारकुनांनी बाईंच्या आणि माझ्या अशा दोन्ही खणांतले फोटो एका खणात ओतले. फोटोंमागे काहीच लिहिलेले नव्हते. खण हीच त्यांची ओळख. तीन दिवस आम्ही निवडत बसलो आहोत. बाई मला "अहो, ही टाळू तुमची की माझी?" असे विचारतात. काल खुद्द कारकुनांनी चहा पिता पिता चाळीस फोटो बिनचूक वेगळे केले. आदेशावरच्या 'फरक आढळत नाही' या शेऱ्याखाली सही मात्र त्यांचीच आहे.

४. बायको म्हणते, "जिभेला हाड नसतं हे ऐकलं होतं, आता पदही नाही." तिला हसू येते, मला येत नाही. भांडारात मी दिवसभर रिकाम्या बाटल्या पुसत असे. इथे मी एक व्यंजन म्हणतो आणि खोलीतले सगळे श्वास रोखून ऐकतात. मला परत भांडारात जायचे नाही, हे स्पष्टच लिहितो.

५. सबब, फरक मान्य असल्यास पद ठेवावे. फरक नाहीच असे ठरल्यास मूळ नेमणूक आणि अतिरिक्त कार्यभार यांतही तो उरत नाही. मग मला बाईंसारखेच कायम करावे.

६. आपली मूळ नेमणूक उद्यान विभागात असल्याने आपल्या दारावरच्या पाटीवरही हुद्द्यापुढे कंसात 'अतिरिक्त कार्यभार' असे आहे. पाटी रंगवणारा उद्या सकाळी येतो आहे. आदेशानुसार त्याने कंस पुसायचा की हुद्दा, एवढे कृपया आजच कळवावे.

आपला नम्र (तूर्त अतिरिक्त),
(सही)
दुसरी जीभ
दिनांक : आदेशाचा चौथा दिवस

सोबत : टाळूचे फोटो, दोन. कोणता कोणाचा, ते कारकून सांगतील.